रिकाम्या जागेचं गेट

सप्टेंबर संपत आला होता, पण पाऊस काही कुसगावातून पाय काढायला तयार नव्हता. निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा हाणत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं त्याचं चाललं होतं. धुकं एवढं खाली आलेलं, की रस्त्यापलीकडच्या हॉटेलाची पाटी तेवढी हवेत लटकत होती आणि हॉटेल गायब होतं. असल्या हवेत लोखंड रात्रभर उघडं राहिलं की सकाळी त्याला हळद लागलेली असते. म्हणून युनूस शिकलगाराचा दिवस वर्षानुवर्षं एकाच कामानं उजाडायचा. पॉलिश पेपर घ्यायचा, आदल्या दिवशी कापून ठेवलेल्या पायपांची हळद उतरवायची, आणि उतरवता उतरवता पावसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

त्याचा आजा लोणावळ्यात टांग्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. बाप ट्रंकांना कडी-कोयंडे बसवायचा. युनूस गेटं, ग्रिलं आणि जिने करायचा. रस्त्यानं जाता जाता कुणाच्याही गेटावर बोटाचं पेर आपटून बघायची त्याला भारी खोड. आतला माणूस "कोण हाय?" करत चपला घालून बाहेर यायचा, तर हा "काय न्हाई, जोड बघितला" म्हणून पुढं चालू लागायचा. वेल्डिंग कसं आहे ते त्याला नुसत्या आवाजावर कळायचं, आणि कळलेलं तो घरमालकाला न विचारता सांगायचा. त्यामुळं गावात त्याला मान होता, पण कामं कमी होती.

कामं कमी असायला दुसरंही कारण होतं. त्याचं नाव याह्या. याह्या म्हणजे ताजुन्निसाचा धाकटा भाऊ, युनूसचा सख्खा मेव्हणा. त्यानं तळेगावात लेझरचं मशीन टाकलं होतं. एका बाजूनं पत्रा आत, दुसऱ्या बाजूनं मोर, कमळ, वाघ, काय पाहिजे ते कापून बाहेर. बंगलेवाले सगळे तिकडं वळले.

"याह्या शोरूममधे खुर्ची देतो म्हणतोय," ताजुन्निसा रोज सकाळी चहाबरोबर हे वाढायची. "पंख्याखाली."

"पंख्याखाली बसून मी करू काय?"

"आल्या माणसाला क्याटलॉग दाखवायचा. गोड बोलायचं."

"मी?"

"तीच तर काळजी आहे," ती म्हणायची.

शेवटी दोघांचं एका गोष्टीवर ठरलं. पोंक्षेसाहेबांच्या नव्या बंगल्याचं गेट युनूसकडं आलं होतं. बंगला भर वळणावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. साहेबांनी गेट पसंत केलं तर दुकान राहील आणि ताजुन्निसा पुन्हा पंख्याचं नाव काढणार नाही. साहेबांनी गेट परत केलं तर शटरची किल्ली तिच्या हातात, आणि युनूस तळेगावला. युनूसनं तशी जबान दिली. दिली आणि मग त्याला रात्रभर स्वप्नात पंखा दिसला.

त्या सकाळी हळद उतरवणं निम्म्यावर आलं असतानाच पोंक्षेसाहेबांची गाडी धुक्यातून बाहेर आली. सीताराम पोंक्षे हे मुंबईत एका मोठ्या विमा कचेरीत उभी हयात मेनफ्रेमवर काम केलेले गृहस्थ. मेनफ्रेम म्हणजे खोलीएवढा कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या साध्या कॉम्प्युटरच्या पोटात त्या खोलीएवढ्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी केली होती, आणि वाण्याला साबुदाणा सांगायचा झाला तरी ते त्यातच लिहायचे. लिहिलेली फाईल त्या काळच्याच एका कळीनं दाबून इवलीशी करायची आणि मगच पाठवायची. आताच्या पोरांच्या दाबण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कुसगावच्या वाण्यानं ती साबुदाण्याची फाईल फोनवर उघडायचा प्रयत्न करून शेवटी अंदाजानं खोबरेल तेल पाठवलं होतं, हा किस्सा अख्ख्या गावाला ठाऊक.

"युनूसभाई, माप तुम्ही घेतलंच आहे," काच खाली करून साहेब म्हणाले. "नक्षीचं सगळं ह्यात लिहिलंय." त्यांनी पेनड्राइव्ह पुढं केला. "दाबून दिलंय. उलगडायचं बटण सोबतच आहे, मी स्वतः केलेलं, मराठीतून. आम्ही अरुणाचलला चाललोय. फोन लागणार नाही. आल्यावर थेट गेटातूनच आत शिरणार!"

गाडी पुन्हा धुक्यात. युनूसनं पेनड्राइव्ह फडक्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि उरलेल्या पायपा उजळल्या. लोखंडाआधी कॉम्प्युटरचं काम करायची त्याच्यात पद्धत नव्हती.

दुपारी तो आणि सोपान झेरॉक्सवाल्या संदेशकडं गेले. सोपान हा शेजारच्या भाजे गावचा गडी, युनूसकडं ग्राइंडर आणि रंगकाम बघायचा. लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, पण तोंड असं फटकळ, की लग्नाच्या पंगतीत त्याला वाढायला कुणी धजावत नसे. संदेशनं पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर फाईल आली. नावाच्या शेपटाला टी, आर, एस.

"ट्रस," युनूस म्हणाला.

"ट्रस म्हंजी आपली कैची?" सोपाननं डोळे मोठे केले. "छपराखालची? गेटाला कैची?"

"लिवलंय ना."

"आवं पण कैची कशावर तोलायची? गेटाला काय छप्पर असतंय?"

"सोपान्या, त्या वरसोलीच्या बंगल्यावाल्यानं गिटारीचं गेट करून घेतलं. त्यानं काय गिटार वाजवली का त्याच्यावर? गिऱ्हाईक म्हणंल ती पूर्व."

ह्या बाबतीत युनूस ठाम होता, आणि त्याला कारण होतं. एकदा एका बाईंनी ग्रिलसाठी मोराचं चित्र दिलं होतं. चित्रातल्या मोराला एकच पाय. युनूसनं दया येऊन दुसरा जोडला. बाई म्हणाल्या, आमचा मोर नाचत होता, तुम्ही त्याला रांगेत उभं केलंत. ते ग्रिल अजून दुकानाच्या मागं पडून होतं आणि सोपान त्याच्यावर बनियन वाळत घालायचा. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या नक्षीला आपली अक्कल लावायची नाही, हा युनूसचा नेम.

संदेशनं उलगडायचं बटण दाबलं. चौकट उघडली. तिच्यात दोन बटणं: 'भाषा बदलून' आणि 'जसंच्या तसं'.

"कुठलं दाबू, भाई?"

"भाषा कशाला बदलायची?" युनूसला रागच आला. "कुठल्या भाषेत बदलंल ती?"

"काय माहीत. इंग्रजी करंल नाहीतर बंगाली."

"जसंच्या तसं दाब. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा न्हाई."

संदेशनं दाबलं. पडदा भरला आणि तिघंही पुढं वाकले. सुरुवातीला काही टोप्या घातलेली अक्षरं होती. गोल 'ओ' तर किती, कुणाच्या डोक्यावर लाट, कुणाच्या तिरकी काडी, कुणाच्या नुसते दोन टिपके. 'ए'वर कडी. मधे एखादा 'के', त्याला मात्र टोपी नाही, बोडकाच. आणि बाकी सगळीकडं, अक्षरांच्या मधे, मागे, पुढं, कागद संपेपर्यंत:

@@@@@@@@@@@@@@@@@@@@@

"ह्यो ईमेलातला ॲट-द-रेट," संदेश म्हणाला. "फाईल बिघडलेली दिसतीय."

"बिघडलेली?" युनूस खुर्चीवरून उठला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. "अरे येड्या, जिलेबी हाय ती! पट्टीची जिलेबी! माझा बाप ट्रंकेच्या झाकणावर वळायचा तसली. आजकाल वळतो कोण? साहेबांना जुनं काम पायजे. याह्याचं मशीन ही कापू शकंल, पण वळंल का? वळंल का सांग?"

सोपाननं छापलेला कागद उलटा धरला, मग सुलटा धरला. "आन ह्यो के कशाचा?"

"कुसगावचा."

"व्हय की," सोपान म्हणाला. "मग त्याला सोनेरी मारू."

त्या दिवसापासून दुकानात जिलेब्या पडायला लागल्या. युनूसनं एक साचा केला, गजाचा तुकडा मधे आणि त्याभोवती पट्टी पिळायची. आधी पोटातला वेढा, मग बाहेरचा, मग शेपूट सोडायचं. एकेक जिलेबी तो उजेडात धरून बघायचा. सोपान टोप्या कापायचा. लाटा, काड्या, टिपक्यांसाठी बेअरिंगच्या गोळ्या. याह्या एकदा येऊन बघून गेला. त्यानं दाढी खाजवली, एक जिलेबी उचलली, खाली ठेवली.

"भावोजी, हे काय आहे?"

"तुझ्या क्याटलॉगमधे नसलेलं," युनूस म्हणाला.

याह्या बहिणीला जाऊन म्हणाला, खुर्ची पुसून ठेवलीय.

भाज्याची कस्तुराबाई विळ्याला नवी मूठ बसवून घ्यायला आली, ती दारातच थबकली. गेटाची दोन्ही पानं भिंतीला टेकून उभी होती आणि वर कैची, छपराला असते तशी, तिरक्या आडव्या पायपांची, डोक्यावर काहीच नसलेली.

"का रं युनूस, कुणावर करणी केली का काय?"

"गेट हाय मावशी."

"आन हे काय लिवलंय? तुज्या कुराणातलं हाय का?"

"छ्या! आम्हालापण येत न्हाई ते. साहेबांची नक्षी."

कस्तुराबाईनं एका 'ओ'च्या टोपीवर बोट ठेवलं. "समद्यांना पावसाची टोपी दिली, ह्या 'के'ला का न्हाई दिली? बिचारा भिजंल की."

"त्यो कुसगावचा हाय," सोपान मागून म्हणाला. "कुसगावच्यांना सवय हाय भिजायची."

गेट लागलं तेव्हा धुकं सरलं होतं आणि भातखाचरं पिवळी पडत चालली होती. वळणावर गाड्या थांबायला लागल्या. मुंबईहून आलेली पोरं गेटासमोर फोटो काढायची. एकाला ते चर्च वाटलं, एकाला रिसॉर्ट, आणि एक बाई आत शिरून रंग मारणाऱ्या सोपानला "जेवणात शाकाहारी काय?" म्हणून विचारून गेली. युनूस लांबून बघायचा. त्याला पसंतीचा आवाज कळत नव्हता. लोखंडाचा कळायचा, माणसांचा नाही.

साहेब रविवारी सकाळी यायचे होते. याह्या आपली गाडी घेऊन आधीच हजर. ताजुन्निसा पण आली, ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावरचा पदर नीट करत. शटरची किल्ली युनूसनं तिला घरातून निघतानाच दिली होती. जबान म्हणजे जबान. ती किल्ली तिनं मुठीत धरली होती आणि मूठ जरा जास्तच आवळलेली होती.

गाडी वळणावर आली आणि आपोआप हळू झाली. पोंक्षेसाहेब उतरले. त्यांनी गेट बघितलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मग ते दोन पावलं मागं सरकले, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि डावीकडून उजवीकडं त्यांची मान हलायला लागली. ओठ हलायला लागले.

"गेट," साहेब पुटपुटले. "गेट... साधे... असावे."

"काय म्हणतात?" ताजुन्निसानं विचारलं.

"साधं पाहिजे होतं म्हणतात," याह्या म्हणाला. त्यानं गाडीची किल्ली बोटात फिरवली.

"म्हणत नाही, वाचतोय!" साहेब ओरडले. "इथे लिहिलंय! उभ्या... सळ्या..." ते युनूसकडं वळले. "तुम्ही 'भाषा बदलून' दाबलं नाहीत?"

"न्हाई साहेब. जसंच्या तसं."

"अहो, लिहिलंय मराठीच, इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या मोठ्या यंत्राची लिपी वेगळी! तिथला 'ए' तुमच्या कॉम्प्युटरला काडीवाला 'ए' दिसतो. तिथला 'एन' म्हणजे तुमचा लाटेची टोपी घातलेला 'ओ'. भाषा बदलायची म्हणजे एवढंच हो, अक्षरं सरळ करायची!"

"आन ह्यो के?" सोपाननं सोनेरी के दाखवला. "कुसगावचा?"

"तो पूर्णविराम आहे."

सोपान त्या सोनेरी पूर्णविरामाकडं बघत राहिला. त्याला त्यानं दोन हात मारले होते.

"मग ह्या जिलेब्या?" युनूसनं विचारलं. त्याचा आवाज खाली गेला होता.

"ही रिकामी जागा."

"कुटली?"

"हीच. सगळ्या. आमच्याकडे रिकाम्या जागेलाही खूण असते. मजकूर संपला तरी ओळ भरेपर्यंत यंत्र रिकामी जागा लिहीत बसतं. तीच खूण तुमच्याकडे ॲट-द-रेट होते. म्हणून तर फाईल दाबून पाठवायची, युनूसभाई! दाबली की ही सगळी रिकामी जागा एका चिमटीत मावते."

"चिमटीत?" सोपान कळवळला. "साहेब, टेम्पूत माईना ती! म्हंजी इतके दिस आमी मोकळी जागा वाकवीत हुतो? तिला प्रायमर मारला मी!"

"वर हे काय आहे?" साहेबांनी आता कैचीकडं बोट केलं.

"ट्रस," युनूस म्हणाला. "फाईलीच्या नावात होतं. टी आर एस."

"ते दाबायच्या कळीचं नाव! टर्स!"

"आमी ट्रस वाचलं."

सगळे वर बघायला लागले. कैचीवर एक साळुंकी येऊन बसली, तिनंही खाली बघितलं. युनूसनं सवयीनं गेटावर बोटाचं पेर आपटलं. आवाज खणखणीत आला. जोड पक्का होता. पण आता त्याचा काय उपयोग, असं त्याला वाटलं, आणि त्यानं हात मागं घेतला.

"सांगून टाका साहेब," तो म्हणाला. "गेट चुकलं का न्हाई?"

"चुकलंय," साहेब म्हणाले.

याह्या पुढं झाला. "साहेब, साध्या सळ्यांचं गेट मी परवापर्यंत देतो. काळजीच करू नका."

"थांबा हो तुम्ही! कोण तुम्ही?" साहेबांनी त्याला हातानं बाजूला सारलं आणि गेटाच्या अगदी जवळ गेले. शेवटच्या शब्दापाशी त्यांनी बोट ठेवलं. तीन वाटोळे 'ओ' आणि मधे एक 'ए'. "हे बघा. लाटवाला, मग काडीचा 'ए', मग हा. ह्याच्या डोक्यावरची काडी कुठे झुकायला हवी? डावीकडे. तुमची उजवीकडे झुकलीय. डावीकडे झुकली तर 'के', उजवीकडे झुकली तर 'एल'. मी काय लिहिलं होतं? नक्षी नको. आणि तुम्ही काय केलंत?" त्यांचा आवाज चिरकला. "नक्षी नलो! नलो म्हणजे काय? हे कुठलं मराठी?"

"आमच्या भाज्यात म्हणत्यात तसं," सोपान घाईनं म्हणाला. ती काडी त्यानंच बसवली होती.

"कुनी बी म्हणत न्हाई!" कस्तुराबाई मागून म्हणाली. ती मूठ बसवलेला विळा घेऊन बाजारला निघालेली, गर्दी बघून थांबली होती.

"बाकी?" ताजुन्निसानं विचारलं. ती आता पुढं आली होती.

"बाकी काय?"

"बाकीचं चुकलंय का?"

पोंक्षेसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून गेट वाचलं. जिलेब्यासुद्धा वाचल्या, एकेकीवर बोट ठेवून. ऊन डोक्यावर यायला लागलं तरी ते वाचत होते.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "एक रिकामी जागा गळलेली नाही. बाई, उभी हयात मी फायली इकडून तिकडे पाठवल्या. दर वेळी मधे कुणीतरी शहाणपणा करायचा. रिकामी जागा दिसली की उडवायचा. म्हणायचा, ह्यात काय होतं? काहीच तर नव्हतं! आणि पलीकडे फाईल फुटायची." त्यांनी नाक ओढलं. "आणि हा माणूस बघा. ह्यानं माझ्या काहीच नसण्याला वेल्डिंग मारलंय."

"म्हणजे गेट ठेवणार?"

"ठेवणार म्हणजे काय, ठेवणारच! पण हे असल्या शुद्धलेखनाचं नाही!"

ताजुन्निसानं मूठ उघडली. किल्लीचे दात तळहातावर उमटले होते. तिनं किल्ली युनूसच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून एक चापट मारली. मग भावाकडं वळून म्हणाली, "याह्या, चहा घेऊनच जा. खुर्चीवर दुसऱ्या कुणालातरी बसव."

"आपा, पण त्यावर लिहिलंय नक्षी नको! गेट सगळं नक्षीचंच आहे!"

"वाचतो कोण?" ती म्हणाली. "आणि साहेब, वर त्या कैचीवर कारल्याचा वेल सोडा. नुसती बरी दिसत नाही."

सोपान ग्राइंडर घेऊन शिडीवर चढला. ठिणग्या उडाल्या, काडी सुटली, युनूसनं ती चिमट्यात धरून डावीकडं झुकवली, खालून साहेब "अजून, अजून, बास!" करत होते. टाका बसला. साहेबांनी वाचून बघितलं, मान डोलवली.

"मागच्या दाराचीही फाईल पाठवतो," ते म्हणाले.

"तोंडी सांगा साहेब," युनूस म्हणाला.

तो दुकानात परत आला. शटर वर केलं. मागं बनियन घातलेला मोर तसाच उभा होता. काल संध्याकाळी वडिवळ्याच्या एका गोठ्यासाठी कापून ठेवलेल्या पायपांना दवानं हळद लावली होती. युनूस खाली बसला, पॉलिश पेपरची घडी घातली, पहिली पायप मांडीवर आडवी घेतली आणि दवाच्या सात पिढ्यांपासून सुरुवात केली.